परिणाम मोजायला वीस वर्षं

१९९८मध्ये परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने गर्भाशयमुखाचा आणि स्तनांचा कॅन्सर वेळीच ओळखण्यासाठी मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना महिनाभर प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं (व्हिनेगरमध्ये असतं तेच), मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटला तर बाईला पुढच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात पाठवायचं. ना प्रयोगशाळा, ना सूक्ष्मदर्शक. त्याच भेटीत स्तनांची हाताने तपासणीही व्हायची. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांत तपासणी झाली, उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली गेली.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे जाहीर झालं २०१३मध्ये. स्तनांच्या कॅन्सरचा निकाल हाती यायला २०२१ उजाडलं.

संशोधनाचा समाजाला काय उपयोग झाला, हे आता निधी देणारे ठिकठिकाणी विचारतात. विचारायलाच हवं, पैसा लोकांचा आहे. ब्रिटनने तर त्याला गुणच दिले: विद्यापीठांच्या राष्ट्रीय मूल्यमापनात सामाजिक परिणामाचं वजन २०१४मध्ये २० टक्के होतं, २०२१मध्ये २५ टक्के झालं. काय बदललं आणि त्याचा पुरावा काय, हे मोजक्या पानांत मांडायचं. २०२१च्या फेरीत ऑगस्ट २०१३ ते डिसेंबर २०२० या काळातलाच बदल धरला गेला. या गुणांवर सरकारी निधी ठरतो.

मग संशोधक प्रश्न निवडतानाच मुदतीकडे बघू लागतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात काय मोजता येईल? कार्यशाळा किती घेतल्या, हजेरी किती लागली, पत्रकं किती वाटली. मृत्यूदर तीन वर्षांत हलत नाही, म्हणून तो अर्जातूनच गळतो. एखादं माप उद्दिष्ट बनलं की ते माप म्हणून निकामी होतं, असं सांगणारा नियम ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी मूळ मुद्दा १९७५मध्ये चलनधोरणाबद्दल मांडला होता, पण तो इथेही तंतोतंत लागू पडतो.

नकाराचं मोल तर या हिशेबात सहज हरवतं. मुंबईच्या चाचणीत स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण स्त्रियांमध्ये मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. अपुऱ्या मनुष्यबळाच्या आरोग्यव्यवस्थेला हे दुसरं उत्तरही तितकंच कामाचं आहे. पण ‘अमुक केल्याने फरक पडला नाही’ हे यशोगाथेच्या रकान्यात कसं लिहायचं?

आणि मोजण्याची किंमत कोणीतरी मोजतंच. ३१ टक्के हा आकडा निघाला तो तपासणी न झालेल्या वस्त्यांशी तुलना करून. त्या स्त्रियांना निव्वळ माहितीवर ठेवणं योग्य होतं का, यावरून पुढे कडक टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते, आणि चाचणीचं मोलही मी नाकारणार नाही.

निधी तीन वर्षांचा असेल, तर अहवालात तीन वर्षांत खरोखर कळेल तेवढंच मागावं. मृत्यूदरातला फरक हवा असेल, तर वीस वर्षं त्याच वस्तीत घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेचा पगार पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.