अभियांत्रिकी अभ्यासक्रमातील विषय व कौशल्यांचे एकात्मीकरण

गणित, विज्ञान आणि शाखाविषय यांच्यासोबत आरेखन, अहवाललेखन, गटकार्य, खर्चाचा अंदाज यांसारखी कौशल्ये वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता एकमेकांत गुंफून शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या पद्धतीला अभ्यासक्रमाचे एकात्मीकरण म्हणतात. त्यात नव्या विषयांची भर अभिप्रेत नसते. सुटे सुटे शिकलेले सारे विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आपोआप जुळवून घेईल, या समजुतीला ही पद्धत छेद देते.

डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाने १९७४ मध्ये स्थापनेपासूनच प्रकल्पाला अध्यापनाच्या केंद्रस्थानी ठेवले. २००० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि स्वीडनमधील चाल्मर्स, केटीएच व लिंशपिंग या विद्यापीठांनी ‘सीडीआयओ’ (संकल्पना, रचना, अंमलबजावणी, संचालन) हा अभियांत्रिकी शिक्षणाचा आराखडा मांडला. त्यात प्रत्येक कौशल्याची ओळख कोणत्या विषयात होईल, ते कोठे शिकवले जाईल आणि कोठे वापरले जाईल, याचा तक्ता आधी तयार केला जातो. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला; त्या सुमारास येथील अधिस्वीकृतीतही (अभ्यासक्रमाची गुणवत्ता तपासून मान्यता देण्यातही) संवाद, गटकार्य, नीती अशा फलितांचे पुरावे मागितले जाऊ लागले.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथील ‘ज्ञानसंगम’ आवारात असून कर्नाटकातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्याच्या २०२१ च्या अभ्यासक्रम योजनेत काही मुख्य विषयांची प्रात्यक्षिके त्या त्या विषयातच सामावून चार क्रेडिटचे ‘इंटिग्रेटेड प्रोफेशनल कोर कोर्स’ करण्यात आले, तर २०२२ च्या योजनेत पहिल्या वर्षाचे गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र शाखासमूहांनुसार मांडले गेले. याच योजनेत संवादात्मक इंग्रजी आणि डिझाइन थिंकिंग (वापरणाऱ्याच्या गरजेतून उपाय शोधण्याची पद्धत) यांना मात्र एकेका क्रेडिटचे स्वतंत्र विषय केले आहे. कौशल्य असे वेगळे काढले की मुख्य विषयाच्या शिक्षकाला ते आपले काम वाटत नाही, ही या मांडणीतील खरी उणीव होय.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातील फाउंड्र्या (धातू ओतून भाग बनवणारे कारखाने) एकात्मीकरणासाठी उत्तम सामग्री पुरवतात. बिडाच्या एखाद्या ओतीव भागाचा पॅटर्न (साचा घडवण्यासाठीचा नमुना) करताना आकुंचनासाठी त्याचे माप साधारण एक टक्का वाढवावे लागते, आणि ओतीव भाग थिजेपर्यंत रायझरमधला (आकुंचनाची भरपाई करणाऱ्या जादा धातूच्या साठ्यातला) रस पातळ राहावा लागतो. थिजण्याचा काळ घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गानुसार बदलतो. त्यामुळे रायझरचा आकार ठरवताना उष्णतावहन, धातुविज्ञान, गणित आणि आरेखन एकाच कागदावर येतात. रायझर मोठा केला की वितळवलेल्या धातूचा खर्च वाढतो, म्हणून किमतीचा हिशेबही त्याच उत्तराचा भाग ठरतो. पुढे हे सारे मोल्डिंग (साचा तयार करणे) करणाऱ्या कामगाराला समजावून सांगायचे असते, आणि ते इंग्रजी अहवालाच्या भाषेत जमत नाही.

खानापूर, निपाणी आणि बेळगावभोवतीच्या गावांतील मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी भाषेचा हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. त्यांना अभियांत्रिकीची परिभाषा इंग्रजीत आत्मसात करावी लागते आणि कन्नड न येणाऱ्यांसाठीचा ‘बळके कन्नड’ हा विषयही असतो. प्रयोगाचा अहवाल लिहिताना वाक्यरचनेवर मार्गदर्शन आणि गुण मिळाले, तर त्यांची इंग्रजी तांत्रिक आशयासोबत वाढते. केवळ व्याकरणाच्या तासाने ते साधत नाही.

अंमलबजावणीतील मोठी अडचण परीक्षेची आहे. संलग्न महाविद्यालयांत सत्रान्त प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते, त्यामुळे दोन विभागांच्या शिक्षकांनी मिळून आखलेल्या कामाला मुख्यतः अंतर्गत गुणांतच जागा मिळते. गोगटे तंत्रज्ञान संस्थेसारख्या स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचा अभ्यासक्रम व परीक्षा आखता येत असल्याने त्यांना अधिक वाव आहे. पण तेथेही दोन विषयांचे शिक्षक एकाच तासाला एकत्र येतील अशी वेळापत्रकाची रचना आणि त्या तासाची दोघांच्याही कार्यभारात नोंद झाल्याशिवाय संयुक्त अध्यापन टिकत नाही.