व्हिडिओ कॅसेटवरील अस्थिर चित्राची दुरुस्ती

व्हीएचएस कॅसेटवरचे चित्रण डीव्हीडीवर उतरवताना हलणारे, वाकणारे किंवा वरखाली सरकणारे चित्र स्थिर करण्याची प्रक्रिया. दुरुस्ती संकेत अंकीय होण्याआधीच करावी लागते. वेडीवाकडी ओळ एकदा फाइलमध्ये उतरली की तिचा मूळ कालसंकेत हरवतो आणि पुढे कोणतेही सॉफ्टवेअर ती पूर्ण सरळ करू शकत नाही. गोव्यातल्या घरांत लग्ने, चवथ आणि जत्रेतली नाटके अशा कॅसेटवर पडून आहेत. पुष्कळदा त्यांची दुसरी प्रत नसते, म्हणून हे काम घाईने उरकू नये.

भारतात वापरल्या गेलेल्या पाल या टीव्ही-संकेत पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी असतात आणि प्रत्येक ओळ बरोबर ६४ मायक्रोसेकंदांची असते. व्हीसीआरचा, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचा, ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो; टेपवरचे चित्र वाचणारी हेड त्यावरच बसवलेली असतात. टेप ताणली गेली, आकसली किंवा धक्क्याने सरकली की ओळींची वेळ मागेपुढे होते. जुना टीव्ही ही चूक बऱ्याच अंशी सांभाळून घेई. डीव्हीडी रेकॉर्डर मात्र ठरलेल्या घड्याळाने ओळ मोजतो. त्यात एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ७२० बिंदूंच्या ओळीत सुमारे १३ बिंदूंचे सरकणे.

चवथीच्या चित्रणात हा दोष चटकन ओळखता येतो. गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली टांगती लाकडी चौकट, चित्राच्या वरच्या भागात असते आणि तिच्या सरळ लाकडी पट्ट्या एका बाजूला झुकलेल्या दिसतात. एका हेडकडून दुसऱ्याकडे संकेत जाण्याची जागा चित्राच्या तळाशी असते. तिथे बसलेला वेळेचा धक्का सावरेपर्यंत पुढच्या चित्राच्या वरच्या ओळी निघून गेलेल्या असतात. टेपचा ताण बिघडला असेल तर हा वाक आणखी वाढतो.

सुरुवात कॅसेटपासून करावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात टेपला बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा डाग दिसतात. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात कधीही घालू नये, कारण बुरशी हेडवर चिकटून पुढच्या कॅसेटवरही जाते. आधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत काही दिवस सुकवावी, मग तोंडावर मास्क बांधून उघड्यावर साफ करावी. हेअर ड्रायर वापरू नये, उष्णतेने टेप आकसते. खोके वाकडे झाले असेल तर खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळे चांगल्या खोक्यात बसवावीत. नंतर टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन पूर्ण मागे आणावी, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. वातानुकूलित खोलीतून दमट जागी आणलेली कॅसेट किंवा यंत्र काही तास तसेच ठेवावे. ड्रमवर दव धरले तर टेप त्याला चिकटते.

हेड पुसायला शॅमॉय कातड्याची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. काडी ड्रमला टेकवून स्थिर धरावी आणि ड्रम हाताने फिरवावा. काडी वरखाली घासली तर हेड तुटते, आणि कापसाचे धागे हेडमध्ये अडकतात. त्यानंतर ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमके आणण्याची जुळणी, हाताने लावावे. गोंगाटाचा (चित्रातल्या ठिपक्या-रेघांचा) पट्टा फक्त वरच्या किंवा खालच्या टोकाला टिकून राहिला तर टेपला वाट दाखवणारे रूळ सरकलेले असू शकतात. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. कॅसेट लाँग प्ले या निम्म्या गतीवर भरलेली असेल तर टेपवरच्या चित्रणाच्या रेघा अर्ध्या रुंदीच्या असतात आणि यंत्र बदलून पाहणे बहुधा जास्त उपयोगी पडते.

एवढे करूनही राहिलेल्या चुकीसाठी टाइम बेस करेक्टर, म्हणजे संकेताची वेळ पुन्हा नीट लावणारे यंत्र, लागतो. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) यंत्रांतला करेक्टर ओळी सरळ करतो. पूर्ण चित्र साठवणारा वेगळा करेक्टर चित्रांचा क्रम नियमित करतो. म्हणजे माटोळी वाकली तर पहिला हवा, चित्र गरगर वर सरकत असेल तर दुसरा. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ हे डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्राच्या (संकेत संगणकात उतरवणाऱ्या यंत्राच्या) मध्ये जोडूनही वाकलेल्या ओळी बऱ्याच सरळ होतात. रंग आणि उजेड वेगळे नेणाऱ्या एस-व्हिडिओ तारेने रंग स्वच्छ येतात, पण हलणे थांबत नाही.

कधी घरगुती कॅसेटलाही रेकॉर्डर ‘कॉपी संरक्षित’ म्हणून नकार देतो. चित्राबाहेरच्या ओळींतला गोंगाट त्याला संरक्षणाच्या खुणेसारखा वाटतो. करेक्टर त्या ओळी नव्याने तयार करत असेल तर अडचण सुटते. अमेरिका-कॅनडातल्या नातेवाइकांकडून आलेल्या कॅसेट एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या असतात. त्या पाल यंत्रातून वाजवल्या तर अनेक कॅप्चर यंत्रांत चित्र फिरते किंवा काळेपांढरे होते. त्यासाठी खरा एनटीएससी संकेत देणारे यंत्र लागते.

४.७ जीबीच्या डिस्कवर एक तासच भरावा. हलते, गोंगाटी चित्र एमपीईजी-२ या डीव्हीडीवरच्या चित्र-संक्षेप पद्धतीची बरीच क्षमता खाते. कॅप्चर करताना गळणाऱ्या चित्रांची संख्या पाहत राहावी. मिनिटाला एक चित्र गळले तरी तासाअखेर आवाज २.४ सेकंदांनी पुढेमागे होऊ शकतो. डिस्क झाल्यावर ती संगणकावर न पाहता टीव्हीवर पाहावी. फुगडीतले हात मागेपुढे थरथरत असतील आणि मागची भिंत स्थिर असेल, तर दोष टेपचा नसतो, फील्डचा (एका चित्राच्या दोन अर्ध्या भागांचा) क्रम उलटा लागलेला असतो. तो बदलून डिस्क पुन्हा तयार करावी.