क्लोज ग्रिप आणि वाइड ग्रिप: फरक छातीत कमी, दंडात जास्त

फोंड्याच्या ज्या व्यायामशाळेत मी संध्याकाळी जातो, तिथे सोमवारी बेंच रिकामं मिळत नाही. परवा शेजारच्या बेंचवर एक मुलगा रॉडच्या मधोमध, अंगठ्याला अंगठा भिडवून, ४० किलोची बेंच प्रेस मारत होता, म्हणजे बेंचवर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलत होता. मनगटं वाकडी झाली होती. विचारलं तर म्हणाला, "दादा, माझी इनर चेस्ट निघत नाही. क्लोज ग्रिपने आतली निघते ना, आणि वाइडने बाहेरची?"

ही समजूत घट्ट रुजली आहे, कारण ती दिसायला पटते: हात आत तर छातीचा आतला भाग, हात बाहेर तर बाहेरचा. पण स्नायू तसा बांधलेलाच नाही. छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, छातीच्या मधल्या हाडापासून आणि गळ्याजवळच्या कॉलरबोनपासून निघतो आणि दंडाच्या हाडाला वरच्या बाजूला जोडला जातो. त्याचे तंतू साधारण आडवे जातात. दोरी ओढताना तिचं फक्त एक टोक ताणता येत नाही, तसंच इथेही आहे. मधली घळ किती दिसेल, हे स्नायूची एकूण जाडी, त्याची जोडणी आणि अंगावरची चरबी ठरवते. वरचा आणि खालचा भाग मात्र खरोखर वेगळे आहेत, कारण तिथे तंतूंची दिशाच बदलते. म्हणून इन्क्लाइन बेंचला, म्हणजे डोक्याकडून तिरक्या उचललेल्या बेंचला, अर्थ आहे. पण तो वेगळा विषय.

मग पकडीने बदलतं काय? मुख्यतः कोपर. हात खांद्यांच्या रुंदीइतके घेतले की रॉड खाली येताना कोपर जास्त दुमडतं, बरगड्यांजवळ राहतं आणि रॉडला जास्त अंतर कापावं लागतं. कोपर सरळ करणं हे ट्रायसेप्सचं काम, त्यामुळे भार दंडाच्या मागच्या बाजूला सरकतो. कातडीवर इलेक्ट्रोड लावून स्नायूतले विद्युत संकेत मोजतात, त्याला ईएमजी म्हणतात. अशा अभ्यासांत, अगदी १९९५ पासून, हेच दिसत आलं आहे: अरुंद पकडीत ट्रायसेप्स जास्त चेततो, छातीतला फरक त्या मानाने थोडा. ईएमजीवरून स्नायू वाढेलच असं मात्र ठरत नाही. त्या क्षणी तो किती कामाला लागला, एवढंच कळतं.

वाइड ग्रिपमध्ये दंड बाजूला पसरतात, रॉडचा प्रवास आखूड होतो आणि बहुतेकांना वजनही थोडं जास्त जातं. किंमत खांदा देतो. खांद्याचं दुखणं असेल तर अतिरुंद पकड टाळलेली बरी. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत दोन्ही तर्जन्यांमधलं अंतर ८१ सेंमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्या रॉडवरच्या खरखरीत भागात तेवढ्याच अंतरावर दोन गुळगुळीत रिंगा असतात. पण ऑलिंपिक वेटलिफ्टिंगच्या रॉडवर याच रिंगा ९१ सेंमीवर असतात! "बोट रिंगेवर ठेव" असा सल्ला ऐकलात तर आधी रॉड कोणता ते बघा. दोन्ही पकडींत अंगठा रॉडभोवती वळवलेला हवाच. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, तळहात पाच मिनिटांत ओले होतात. अंगठ्याविना रॉड निसटला तर सरळ छातीवर येतो.

मी त्या मुलाचे हात एकेक वीत बाहेर सरकवले. मनगटं कोपरांवर सरळ उभी राहिली. वजन तेच ठेवून त्याने आठ रेप्स काढले, रॉड स्टँडवर ठेवला आणि दंडाच्या मागे हात फिरवत म्हणाला, "दादा, इथे लागतंय."