कायद्याच्या प्रचारदौऱ्यांचा खर्च: माहिती अधिकारात अर्ज कसा करायचा?

२०२० च्या कृषी कायद्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींवर केंद्राने साधारण सव्वासात कोटी रुपये खर्च केले, हे राज्यसभेतल्या उत्तरातून कळलं. पण जाहिरात वेगळी, प्रवास वेगळा. एखादा कायदा लोकांना पटवून द्यायला मंत्री-अधिकारी फिरतात, तेव्हा त्यांच्या विमानाचं, गाडीचं, मुक्कामाचं बिल 'प्रवास खर्च' या शीर्षाखाली पडतं. 'कायद्याचा प्रचार' असं शीर्ष हिशेबात नसतंच.

म्हणून 'प्रचारावर एकूण किती खर्च झाला?' असं विचारू नका. 'अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येईल आणि ते माहिती अधिकार कायद्याला धरूनच असेल, कारण कार्यालयाने जवळ असलेलीच माहिती द्यायची असते. त्याऐवजी कागद मागा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचे दौरा कार्यक्रम, मंजुरीचे आदेश, प्रवास भत्ता देयकं, सोबत गेलेल्यांची संख्या. दौरा कार्यक्रम तर मागाच. दौरा शासकीय होता की मध्येच पक्षाचा मेळावा उरकला, ते त्यातूनच उलगडतं.

अर्ज कोणाकडे? राज्याचा विषय असेल तर संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. केंद्रात एक गोम आहे: मंत्र्यांच्या प्रवासाची तरतूद त्यांच्या खात्यात नसून गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या 'मंत्रिमंडळ' या मागणीत (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या स्वतंत्र भागात) असते. चुकून दुसरीकडे अर्ज गेला तरी कलम ६(३) नुसार तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

अर्ज करण्यापूर्वी खात्याचं संकेतस्थळ चाळा. मंत्री आणि सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांचा कालावधी, ठिकाणं, खर्च स्वतःहून जाहीर करावा, असं केंद्राने ११ सप्टेंबर २०१२ लाच सांगितलंय. पाळतात किती, ते तुम्हीच बघा.

पात्रता एकच: भारताचे नागरिक असणं. माहिती कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात राज्याच्या माहिती अधिकार नियमांतल्या परिशिष्ट 'अ' मधला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. केंद्रासाठी शुल्क तेवढंच, शब्दमर्यादा ५००. ऑनलाइन अर्जही चालतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ, पण पुराव्याची प्रत जोडावी लागते. झेरॉक्सचे पानामागे २ रुपये.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते. 'ही वैयक्तिक माहिती आहे' असं कारण देऊन अर्ज नाकारला, तर कलम ८(२) मधलं सार्वजनिक हित दाखवून ३० दिवसांत पहिलं अपील करा. राज्यात त्याला २० रुपये लागतात, केंद्रात काहीच नाही. तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. पोचपावती मात्र जपून ठेवा, उत्तराचे ३० दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजले जातात.