पहिल्याच प्रयत्नात पास: ही टक्केवारी आली कुठून?

अमेरिकेत एमएस करून नोकरीला लागलेल्या मराठी सिव्हिल इंजिनिअरला दोन-चार वर्षांत एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: 'पीई दिलीस का?' पीई म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर, तिथल्या राज्य सरकारांचा परवाना. तो हाती असल्याशिवाय आराखड्यावर स्वतःचा शिक्का मारून सही करता येत नाही. मग अर्ज भरण्याआधी जो तो पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी किती टक्के पास होतात ते शोधतो. आकडा साठीच्या पुढे असला की हायसं वाटतं, चाळिशीत असला की धडकी भरते. माझ्या मते हा आकडा बहुतेक जण चुकीच्या अर्थाने वाचतात.

परवान्याचा उगम पाण्याच्या हक्कांत आहे. वायोमिंग राज्यात पाटाचं पाणी मिळवायचं तर अर्जासोबत नकाशे जोडावे लागत. वकील, नोटरी, कोणीही ते काढायचे आणि खाली इंजिनिअर म्हणून सही ठोकायचे. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरन्स जॉन्स्टन यांनी याविरुद्ध कायद्याचा आग्रह धरला आणि १९०७ मध्ये तो झाला. पहिला परवाना त्याच वर्षी चार्ल्स बेलामी यांना मिळाला. काही महिन्यांतच दाखल होणाऱ्या नकाशांचा दर्जा कमालीचा बदलला, असं जॉन्स्टन यांनी नोंदवून ठेवलं आहे.

पुढच्या वर्षी लुइझियाना, मग एकेक राज्य. काही ठिकाणी माणसं मेल्यावरच जाग आली. कॅलिफोर्नियात मार्च १९२८ मध्ये सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेहून अधिक लोक वाहून गेले आणि १९२९ मध्ये सिव्हिल इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा आला. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात १८ मार्च १९३७ रोजी शाळेखाली वास नसलेला नैसर्गिक वायू साचला, ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यात बहुतेक शाळकरी मुलं. टेक्साससारख्या राज्यानेही त्याच वर्षी नोंदणी सक्तीची केली. १९५० पर्यंत सगळी राज्यं या चौकटीत आली.

पण प्रत्येक राज्याचं मंडळ वेगळं, प्रश्नपत्रिका वेगळी. एका राज्यातला निकाल दुसऱ्याशी ताडून पाहायला काही आधारच नव्हता. राज्य मंडळांची संघटना १९२० मध्ये स्थापन झाली होती. आज तिला एनसीईईएस म्हणतात. तिने तयार केलेल्या समान परीक्षा साठच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाल्या: पदवीच्या सुमारास द्यायची एफई आणि अनुभवानंतरची पीई. देशभर अर्थ लागेल अशी टक्केवारी काढणं त्यानंतर शक्य झालं.

आता 'पहिल्या प्रयत्ना'चा रकाना वेगळा का? पुन्हा बसणारे हे आधीच एकदा गळलेले उमेदवार असतात. त्यांचा निकाल सहसा बराच खाली असतो. दोन्ही गट एकत्र केले, तर तीच परीक्षा उगाच अवघड दिसते. कॉलेजांनाही पहिल्या प्रयत्नाचाच आकडा उपयोगी, कारण एफईच्या निकालावरून आपल्या शिकवण्यात कुठे उणीव आहे ते त्यांना पाहता येतं.

आपल्या मनात परीक्षा म्हटली की जागा आणि मेरिट लिस्ट. एकाचा नंबर लागला की दुसऱ्याची जागा गेली. इथे तसा कोटाच नाही. परवानाधारक इंजिनिअर एकत्र बसून एकेक प्रश्न तपासतात: किमान पात्रतेचा माणूस हा सोडवेल का? त्यावरून पासाची रेघ ठरते. एखादी प्रश्नपत्रिका जड गेली, तर त्या हिशेबाने रेघही खाली येते. सगळेच त्या रेघेच्या वर गेले, तर सगळेच पास. म्हणून ही टक्केवारी पेपरपेक्षा बसणाऱ्यांबद्दल जास्त सांगते. नेव्हल किंवा मायनिंगसारख्या शाखांत तर उमेदवार इतके थोडे असतात की दहा-पाच जणांनी आकडा वरखाली होतो.

बसणारेही बदलत गेले. पूर्वी चार वर्षांचा अनुभव झाल्यावरच पीईला बसता यायचं. आता बऱ्याच राज्यांत परीक्षा आधी देऊन अनुभव नंतर पूर्ण करता येतो. परीक्षा हॉलचं रूपही पालटलं. कागदी पीईच्या दिवशी उमेदवार चाकांच्या बॅगा भरभरून संदर्भग्रंथ ओढत आणायचे, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. पेन्सिल मात्र एनसीईईएस देईल तीच. एफई २०१४ मध्ये संगणकावर गेली, केमिकलची पीई २०१८ मध्ये, सिव्हिलची २०२२ मध्ये. आता पडद्यावर मिळणारी ठरावीक संदर्भपुस्तिका आणि मानकं, बाकी काही नाही. २०२१ पर्यंतचे सिव्हिलचे आकडे नंतरच्या आकड्यांशेजारी ठेवताना एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं.

भारतात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, इंजिनिअरांसाठी तसा केंद्रीय कायदा आजही नाही. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी करते ती पदवी आणि अनुभव पाहून. त्यामुळे पुण्या-मुंबईहून गेलेल्या मुलामुलींना परवान्याची परीक्षा हा प्रकारच नवा असतो, आणि घरी तो समजावून सांगायलाही त्यांना वेळ लागतो.