पार्श्वभूमी : पोरं रिक्षात कशी आली?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि रस्ता सुरक्षेची चर्चा ठरल्यासारखी सुरू होते. चौकात पोलीस उभे राहतात, आरटीओवाले रिक्षा थांबवून पोरं मोजतात, पंधरवड्यात सगळं निवतं. चर्चेचं गाडं दरवर्षी रिक्षावाल्याच्या दारातच अडतं. इतकी पोरं त्याच्याकडे आली कशी, हे फारसं कुणी विचारत नाही.

सातारा जिल्ह्यात या गोष्टीची सुरुवात शंभर वर्षं मागे जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. संस्थेचा पाया वसतिगृहावर होता. शाळा लांब असेल तर पोरानं शाळेजवळ राहायचं, हा तेव्हाचा तोडगा. पुढे गावोगावी शाखा निघाल्या आणि बहुतेकांची शाळा पायी किंवा सायकलच्या टप्प्यात आली.

त्याहून लांबच्यांसाठी एसटी. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी हीच ग्रामीण भागातली स्कूल बस झाली. पासाचे पैसे कमी, मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत. शिवाय गाडी सरकारी, चालक पगारी. जास्त पोरं कोंबली म्हणून त्याच्या खिशात काही पडत नव्हतं. माझ्या मते एसटीची खरी सुरक्षितता यातच होती, गाडीच्या पत्र्यात नव्हे. अडचण वेळेची. सकाळची एक गाडी चुकली की दिवस गेला. त्या फटीत वडाप, म्हणजे माणशी पैसे घेऊन सीटा भरणाऱ्या खासगी गाड्या, शिरलं. भरल्याशिवाय निघायचं नाही आणि भरल्यावरही थांबायचं नाही, हा वडापचा रिवाज. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप कित्येक महिने चालला तेव्हा शाळकरी पोरांना दुसरा पर्यायच उरला नाही.

शहरांकडची गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं अंतर धरलं. पण तोवर इंग्रजी माध्यमाचा ओढा लागला होता. मोठं मैदान हवं, जागा स्वस्त हवी, म्हणून अशा कितीतरी शाळा गावाबाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेला उभ्या राहिल्या. दरम्यान पुणे-कोल्हापूर महामार्ग चौपदरी झाला. गाड्यांचा वेग वाढला आणि रस्ता ओलांडणं अवघड झालं. लांबचा वळसा नको म्हणून सेवारस्त्यावरून उलट्या दिशेने दुचाकी घालायची सवय तिथूनच लागली, आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा गणवेशातलं पोर असतं.

कायदा मात्र बसच्या मागे लागला, कारण अपघात बसचा झाला होता. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, २८ मुलं गेली. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बससाठी निर्देश दिले : बंद होणारी दारं, मुलांसोबत जबाबदार माणूस, चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बसची स्वतंत्र नियमावली केली. तिची भाषा पिवळ्या बसची आहे. आपल्याकडे पोरं बसली ती तीनचाकीत, नाहीतर गॅसकिटच्या ओम्नीत, तेही मधे फळी टाकून. पालकांना हे दिसत नाही असं थोडंच आहे? महिन्याच्या पैशात रिक्षावाले काकाच परवडतात.

दुचाकीचा गुंता आणखी जुना. मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवायला मुभा आहे. ती लूनाच्या जमान्यातली. लूना १९७२ ची. पुढे पन्नास सीसीची सनीही आली. आज दारात उभ्या असलेल्या स्कूटी बहुतेक शंभर सीसीच्या पुढच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना त्या कायद्याने चालतच नाहीत. तरीही विलिंग्डन कॉलेजच्या बाजूने सांगली-मिरज रस्ता सकाळी पाहावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालक किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेटही सक्तीचं झालं. त्याहून लहान पोरासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी चाळीसची मर्यादा आहे. तो पट्टा लावलेलं पोर साताऱ्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. पुढ्यात उभं केलेलंच दिसतं.

२०११ च्या नियमावलीतली एक तरतूद मात्र बसपुरती ठेवायचं कारण नाही. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तीत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस आणि मोटार वाहन निरीक्षकही बसतात. गाड्यांची कागदपत्रं तपासणं, भाडं आणि थांबे ठरवणं हे तिचं काम. तिची बैठक शाळा उघडायच्या आधी लागली, तर रिक्षा आणि व्हॅनच्या पासिंगची तारीखही पालकांना त्याच टेबलावर मागता येते.