सामुदायिक तंत्रज्ञान केंद्रे आणि त्यांना आधार देणारी आंतरराष्ट्रीय जाळी

घरात संगणक नाही, इंटरनेट नाही, कधीकधी फोनही नाही, अशा लोकांना ही साधने एकत्रितपणे वापरता यावीत म्हणून गावात किंवा वस्तीत चालवलेली जागा म्हणजे सामुदायिक तंत्रज्ञान केंद्र. जगभर ‘टेलिसेंटर’ हे नाव रुळले असले, तरी ज्ञान केंद्र, माहिती केंद्र, ई-सेंटर, श्रीलंकेत ‘नेनसल’ अशी नावे देशागणिक बदलतात. सायबर कॅफेत गिऱ्हाईक पैसे देऊन यंत्र वापरते आणि निघून जाते; केंद्रात शेजारी बसून शिकवणारा, अर्ज भरून देणारा केंद्रचालक असतो. व्यवहारात ही सीमारेषा बरीच पुसट आहे. विकसनशील देशांत १९९० नंतर उभ्या राहिलेल्या अशा केंद्रांपैकी अनेकांच्या मागे आंतरराष्ट्रीय संस्थांचे पाठबळ होते. पुढे या केंद्रांना एकमेकांशी जोडणारी जाळी तयार झाली. ही नोंद मुख्यतः त्या जाळ्यांविषयी आहे.

कल्पनेचा उगम मात्र श्रीमंत देशातला. स्वीडनमधील वेमदालेन या थंड, विरळ वस्तीच्या गावात १९८५ साली पहिले ‘टेलिकॉटेज’ सुरू झाले. तरुणांनी गाव सोडू नये, घराजवळ काम मिळावे हा त्यामागचा हेतू. आफ्रिका व आशियातील प्रश्न वेगळाच होता. तेथे मुळात दूरध्वनीच पोचला नव्हता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नेमलेल्या मेटलंड आयोगाने १९८४ च्या अहवालात हीच दरी जगासमोर मांडली होती. घरोघरी फोन शक्य नसेल, तर निदान चालत जाता येईल इतक्या अंतरावर तो असावा, हा विचार तिथून जोर धरू लागला. १९९० च्या दशकात दूरसंचार संघ, युनेस्को आणि कॅनडाचे आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्र यांनी मिळून बेनिन, माली, मोझांबिक, टांझानिया व युगांडा येथे बहुउद्देशीय सामुदायिक केंद्रांचे प्रयोग हाती घेतले.

त्यांपैकी युगांडातील नाकासेके हे सर्वाधिक अभ्यासले गेलेले केंद्र. १९८० च्या दशकातील यादवी युद्धात होरपळलेल्या लुवेरो भागातले हे गाव. केंद्रात फोन, फॅक्स, झेरॉक्स, संगणक आणि वाचनालय अशी सगळी सोय एका छताखाली होती. इथली सर्वांत बोलकी गोष्ट इंटरनेटशी संबंधित नाहीच. न्यूयॉर्कस्थित आंतरराष्ट्रीय महिला ट्रिब्यून केंद्राने ग्रामीण स्त्रियांसाठी उत्पन्नाच्या वाटा सांगणारी एक सीडी तयार केली. ती लुगांडा भाषेत बोलत असे. त्यामुळे ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्याही माउस हलवून चित्रावर क्लिक करत आणि कान देऊन ऐकत. यंत्राबरोबर लोकांच्या भाषेतला मजकूर पाठवणे हे बाहेरच्या मदतीचे सर्वांत उपयोगी रूप ठरले, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्मीळही.

श्रीलंकेतील कोतमले येथे युनेस्कोच्या साहाय्याने याच सुमारास वेगळा मार्ग निघाला. तेथे सामुदायिक रेडिओ केंद्र आधीपासून होते. त्याला इंटरनेट जोडले. श्रोते प्रश्न पाठवत, निवेदक जाणकाराला सोबत घेऊन संकेतस्थळे धुंडाळी आणि सापडलेली माहिती सिंहली भाषेत हवेवर सांगे. एका जोडणीचा लाभ हजारो कानांना. हाच नमुना पुढे ठेवून युनेस्कोने २००१ मध्ये सामुदायिक बहुमाध्यम केंद्रांचा कार्यक्रम सुरू केला.

भारतात पाँडिचेरी परिसरात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ मध्ये, कॅनडाच्याच मदतीने, गावांमध्ये ज्ञान केंद्रे उभारली. विल्लियनूर येथील मुख्य केंद्रातून बिनतारी यंत्रणेने गावांना माहिती जाई. वीरमपट्टिनम या मच्छीमारांच्या गावात अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरचा लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेतला जाई आणि तो भोंग्यावरून तमिळमध्ये ऐकवला जाई. समुद्रात उतरायचे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला संगणकाला हात लावण्याची गरजच उरली नाही. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीच्या दिवशी नल्लवाडू गावात सिंगापूरहून गावच्याच एका माणसाचा फोन आला, आणि ज्ञान केंद्राच्या भोंग्यावरून इशारा दिला गेला. लोक वेळेत किनाऱ्यापासून दूर पळाले.

तोवर जगभर अशी केंद्रे हजारोंनी झाली होती, पण एकमेकांपासून तुटलेली. एका केंद्राने शिकलेला धडा दुसऱ्याला कळत नसे, आणि तीच चूक नव्याने, नव्या अनुदानावर, होत असे. २००५ मध्ये ट्युनिस येथे भरलेल्या माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषदेत कॅनडाचे विकास संशोधन केंद्र, स्विस विकास व सहकार्य संस्था आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘टेलिसेंटर डॉट ऑर्ग’ हा संयुक्त उपक्रम जाहीर केला. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी आणि दोन सरकारी विकाससंस्था हे त्रिकूट जरा विजोडच. उपक्रमाचे वैशिष्ट्य असे, की स्वतः केंद्रे उघडण्याऐवजी केंद्रांना जोडणारी राष्ट्रीय व प्रादेशिक जाळी उभी करण्यावर त्याने भर दिला. बांगलादेश, फिलिपाईन्स, भारत, लॅटिन अमेरिका व पूर्व आफ्रिका अशा ठिकाणी अशा जाळ्यांनी मूळ धरले किंवा आधीची बळकट झाली. २०१० मध्ये उपक्रमाचे रूपांतर स्वतंत्र प्रतिष्ठानात होऊन त्याचे मुख्यालय मनिला येथे आले. पुढच्याच वर्षी दूरसंचार संघासोबत दहा लाख स्त्रियांना संगणकसाक्षर करण्याची मोहीम सुरू झाली.

जाळे म्हणजे नेमके काय, हे केंद्रचालकाच्या खुर्चीतून पाहिले की चटकन कळते. सकाळी कुलूप उघडले, वीज आहे, मोडेमचा दिवा लुकलुकतो आहे, पण पान उघडत नाही. बाहेर निकालाची प्रत काढायला पोरे उभी. जिल्ह्याच्या गावी फोन केला तर तंत्रज्ञ चार दिवसांनी येणार. अशा वेळी हाताशी हवा तो हीच अडचण गेल्या महिन्यात सोडवलेला दुसरा केंद्रचालक. युगांडातील ‘युगाबाइट्स’ या संस्थेने पूर्व आफ्रिकेतील केंद्रचालकांसाठी नेमके हेच मदतीचे काम केले. त्याखेरीज प्रशिक्षणाचे पाठ तयार करणे, ते स्थानिक भाषांत आणणे, केंद्रचालकांना एकमेकांच्या केंद्रांवर नेणे, हिशेब ठेवायला शिकवणे, सरकारदरबारी केंद्रांची बाजू मांडणे ही जाळ्यांची कामे. ती छायाचित्रात दिसत नाहीत, म्हणून त्यांना पैसा मिळवणे नेहमीच अवघड जाते. संगणकांची खोकी उतरवतानाचे छायाचित्र मात्र प्रत्येक अहवालात असते.

यंत्रसामग्रीच्या मदतीचीही स्वतंत्र जाळी आहेत. लंडनची ‘कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल’ आणि अमेरिकेतील ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’ या संस्था १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वापरलेले संगणक दुरुस्त करून पाठवतात. कॉम्प्युटर एडने तर जहाजावरच्या मालपेटीत सौर पॅनेल व संगणक बसवून तयार केंद्रच पाठवण्याचा प्रयोग केला. दान स्वस्त वाटते, पण जकात, वाहतूक, विजेचा चढउतार आणि सुटे भाग यांचा खर्च घेणाऱ्याच्याच माथी येतो; यंत्र मोडले की ई-कचराही त्याच्याच अंगणात उरतो. चांगल्या संस्था म्हणूनच देण्याआधी दुरुस्तीची सोय विचारतात.

या साऱ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा म्हणजे अनुदानाची मुदत. प्रकल्प तीन ते पाच वर्षांचा. तो संपला की भाडे, वीज व पगार कोणी द्यायचे हा प्रश्न येतो. तमिळनाडूत मदुराई परिसरात अमेरिकी विद्यापीठे व आयआयटी मद्रास यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या ग्रामीण किऑस्कांपैकी, म्हणजे छोट्या इंटरनेट केंद्रांपैकी, बरेचसे काही वर्षांतच बंद पडले. गंमत अशी, की केंद्रांना स्वावलंबनाचे धडे देणारी जाळी स्वतः त्याच मोजक्या देणगीदारांवर जगत होती. देणगीदारांचे लक्ष दुसरीकडे वळल्यावर त्यांच्यापैकी अनेकांचीही तीच गत झाली.

जिथे सरकारने केंद्रे अंगावर घेतली तिथे ती टिकली, अर्थात रूप बदलून. बांगलादेशात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०१० मध्ये साडेचार हजार युनियन परिषदांत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांत, केंद्रे सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी एक पुरुष आणि एक स्त्री उद्योजक, ही त्यातली लक्षणीय अट. श्रीलंकेत जागतिक बँकेच्या कर्जातून आकाराला आलेल्या नेनसल केंद्रांना २०१४ मध्ये गेट्स प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. यात शिक्षणाचा भाग आक्रसला आणि दाखले, बिले, अर्ज यांची खिडकी मोठी झाली, हेही खरे.

केंद्रांचा उपयोग नेमका किती, हे तपासायला वॉशिंग्टन विद्यापीठाने बांगलादेश, ब्राझील, चिली, घाना व फिलिपाईन्स या पाच देशांत पाहणी केली. तिच्यातून दिसले, की अनेकांचा संगणकाशी पहिला परिचय अशाच सार्वजनिक जागेत झाला होता. मग स्वस्त स्मार्टफोन आले आणि केंद्राची गरज संपली असे म्हटले जाऊ लागले. छपाई, लांबलचक अर्ज आणि शिकवणारा माणूस या गोष्टी मात्र फोनमध्ये मावत नाहीत.

अलीकडे भर केंद्राकडून जोडणीकडे सरकला आहे. १९९० मध्ये स्थापन झालेली ‘असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स’ ही संघटना, मेक्सिकोतील ‘रायझोमॅटिका’बरोबर, लोकांनी स्वतः उभारलेल्या सामुदायिक नेटवर्कांना साहाय्य करते. दक्षिण आफ्रिकेतील मांकोसी येथील ‘झेंझेलेनी’ ही असेच नेटवर्क चालवणारी सहकारी संस्था. तिथे घरांच्या छपरांवर उपकरणे बसली, त्यांना सौर ऊर्जा दिली गेली. वीज नसलेल्या त्या भागात संस्थेच्या सुरुवातीच्या काळातले उत्पन्न मुख्यतः इंटरनेटचे नव्हते; शेजाऱ्यांचे फोन चार्ज करून देण्याचे होते.